ब्रेनरची चौदा मिनिटं

काही किस्से एकदा सांगितले की संपतात. रेल्वेवाल्यांच्या किश्शांचं तसं नाही. आपण एक सांगावा, तर दुसरा म्हणतो, "थांब, याच्या आधी काय झालं ते सांग," आणि तिसरा म्हणतो, "मी तिथे होतो, असं झालंच नव्हतं!"

आमची चौकडी जर्मनीतल्या कार्ल्सरूहेची. मी आणि अजित विद्यापीठात रेल्वे शिकत होतो. केतन आणि मृणाल हे पुण्याचं जोडपं तिथल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत होतं. दर रविवारी मृणालकडे जेवायला बसलं की विषय कुठूनही निघो, तो पिठलं संपायच्या आत ब्रेनरला पोचायचा. मी आता नाशिकला परत आलेय. इथे कोणी ब्रेनरचं नाव काढत नाही, म्हणून मीच काढते!

*

ब्रेनर म्हणजे आल्प्समधली खिंड. म्युनिकहून निघालेली गाडी ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकवरून ही खिंड चढते आणि पलीकडे इटलीत बोल्झानो, व्हेरोनाकडे उतरते. आल्प्स ओलांडणारे दुसरे मोठे मार्ग डोंगराच्या पोटात लांबच लांब बोगदा खणून पलीकडे जातात. हा मात्र उघड्यावरून, आभाळाखालून खिंड ओलांडतो. तो बांधला तेव्हा दोन्ही बाजूंना एकच साम्राज्य होतं. बांधणारा मुख्य अभियंता पहिली गाडी बघायच्या आतच गेला. पुढे पहिलं महायुद्ध झालं, साम्राज्य मोडलं आणि सरहद्द येऊन बसली ती नेमकी खिंडीत! दोन देशांनी दोन प्रकारची वीज घेतली. त्यामुळे ब्रेनर स्टेशनात अलीकडचं इंजिन सोडायचं आणि पलीकडचं जोडायचं.

अजित पीएचडीसाठी प्रोफेसरांकडे गेला तेव्हा त्याला ताशी तीनशे किलोमीटरच्या गाड्यांवर काम करायचं होतं. प्रोफेसरांनी विचारलं, "तू कुठला?"

"इगतपुरीचा."

"तिथे काय आहे?"

अजितने सांगितलं, की तिथे घाट आहे आणि घाटावर वीज बदलते, म्हणून गाड्यांचं इंजिन बदलतात. वडील तिथेच ड्रायव्हर होते. प्रोफेसर खुर्चीतून उठलेच! "आल्झो, तर मग तुझा विषय ठरला. ब्रेनरला इंजिन बदलायला इतका वेळ का लागतो, ते शोधून काढ."

अजितने आनंदाने घरी फोन केला. वडिलांनी, अप्पांनी, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तू एवढे समुद्र ओलांडून इगतपुरीच शिकायला गेलास?"

*

इंजिन बदलायचा वेळ मोजायला पहिल्या खेपेला आम्ही सगळेच गेलो. ब्रेनरला इंजिन सुटल्याचा खडखडाट झाला, तसा अजित जाहीरपणे म्हणाला, "चला, आता अर्धा तास निवांत!"

इगतपुरीला वाढलेला माणूस. इंजिन सुटलं की खाली उतरायचं, वडा खायचा, चहा घ्यायचा, पाय मोकळे करायचे, हे त्याच्या रक्तातच! आणि आम्ही त्याचं ऐकणारे. मृणालने डबा घेतला, सहा वर्षांच्या मुलाला, ओमला, घेतलं आणि बाकावर मांडामांड केली. केतन डब्यात बूट काढून झोपला होता. तो उठून तसाच मोज्यांवर खाली आला. चटणीची पुडी सोडली आणि गाडी हलली.

आम्ही पळालो, पण दारं बंद झाली होती. नोव्हेंबर महिना, तेराशे मीटरहून जास्त उंची, फलाटावर बर्फाचा भुगा, आणि केतन मोज्यांवर उभा.

"अजित, माझे बूट व्हेरोनाला गेले!"

अजित घड्याळाकडे बघून वहीत लिहीत होता. मान वर न करता म्हणाला, "गेले खरे. पण वेळेवर गेले. बरोब्बर चौदा मिनिटं!"

*

ओमचा जन्म जर्मनीतला. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्येच यायचं. इन्सब्रुकनंतर चढ फार होतो, तेव्हा मार्गाने एका खेड्याला घोड्याच्या नालासारखा वळसा घातलाय. खेड्यातलं चर्च आधी एका अंगाने दिसतं, मग गाडी वळून वर चढली की दुसऱ्या अंगाने. अजित त्याला खिडकीशी घेऊन कौतुकाने सांगत होता, "बघ ओम, डोंगर सरळ चढता येत नाही ना, म्हणून गाडी लांबून फिरते."

ओमचा यावर काडीचा विश्वास बसला नाही. त्याने तिकीट तपासणाऱ्या बाईंना थांबवलं आणि गंभीरपणे जर्मनमध्ये तक्रार केली, "ड्रायव्हर वाट चुकलाय. हे चर्च आम्ही मघाशीच बघितलं."

बाई तितक्याच गंभीरपणे वाकून म्हणाल्या, "मला माहितेय रे. गेली एकशेचाळीस वर्षं तो रोज इथेच चुकतो!"

*

पुढच्या उन्हाळ्यात अप्पा आले. अजितने त्यांना ब्रेनर दाखवलं. एका मालगाडीला मागून ढकलणारं इंजिन लावलेलं दिसलं, तसे अप्पा खिडकीतच ताठ उभे राहिले. "अरे, हा तर आपला कसारा घाट! फक्त माकडं दिसत नाहीत."

परत आल्यावर प्रोफेसरांनी त्यांना मुद्दाम भेटायला बोलावलं. अजित दुभाषा आणि मी प्रेक्षक. प्रोफेसरांनी अदबीने विचारलं, "तुमच्याकडे इंजिन बदलायला किती वेळ लागायचा?"

अप्पा म्हणाले, "ते वड्यावर आहे."

अजितने घाबरत भाषांतर केलं. प्रोफेसरांनी पेन उघडलं. "म्हणजे कसं?"

"साहेब, इंजिन काय, पाच मिनिटांत सुटतं आणि पाच मिनिटांत लागतं. वेळ माणसं खातात. हा ड्रायव्हर त्या ड्रायव्हरला दोन शब्द सांगणार, तपासणारा एकदा गाडीच्या कडेने चालणार, कोणीतरी कागदावर सही करणार, सही करणारा वडा खात असणार. इंजिन काढून टाका हवं तर, वेळ तेवढाच लागेल!"

प्रोफेसरांनी शब्द न् शब्द लिहून घेतला. मग म्हणाले, "गेनाऊ! अगदी बरोबर!" आणि अजितकडे वळले. "तुझ्या प्रबंधाचं गृहीतक तुझ्या वडिलांनी मांडलंय. आता तू ते सिद्ध कर."

अप्पांनी बाहेर आल्यावर विचारलं, "काय म्हणाले?"

अजित म्हणाला, "तुम्ही पास झालात. मी अजून बाकी आहे!"

*

मग ती बातमी आली. दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणारं इंजिन तयार झालं होतं. पुढच्या मंगळवारपासून ते म्युनिककडून थेट इटलीत जाणार, ब्रेनरला काही सोडायचं नाही, काही जोडायचं नाही!

मला इतका आनंद झाला की मी ओरडलेच. सरहद्दीवर न थांबणारी गाडी! साम्राज्यं मोडून पडल्यावर लोखंडाने पुन्हा शिवलेला खंड! मी आणखी काय काय बोलणार होते, पण मृणालने मला टेबलाखालून चिमटा काढला. अजितचा चेहरा पिठल्यासारखा झाला होता.

कारण उघड होतं. त्याची शिष्यवृत्ती सप्टेंबरपर्यंतच होती आणि प्रबंधाचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं. प्रोफेसरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "नव्या इंजिनाची गाडी तीन मिनिटांत सुटली, तर तुझं म्हणणं खोटं. मग वेळ इंजिनच खात होतं. सगळं नव्याने मांडावं लागेल." नव्याने मांडायला दोन वर्षं लागली असती. ती त्याच्याकडे नव्हती. तीन वर्षांचं काम गुंडाळून घरी जायचं, एवढंच उरलं असतं.

त्याच आठवड्यात त्याला व्हिसा वाढवायला परदेशी नागरिकांच्या कचेरीत, आउसलेंडरबेहोर्डेत, जावं लागलं. सोबत म्हणून मी गेले. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म वाचला.

"राहण्याचं कारण?"

"ब्रेनरला इंजिन बदलतात, त्याचा अभ्यास."

"आणि हे कारण कधी संपणार?"

अजित म्हणाला, "पुढच्या मंगळवारी, सव्वाबाराला."

बाईंनी चष्मा काढला. "हेर कुलकर्णी, इतकं नेमकं उत्तर मला आजवर कोणी दिलं नव्हतं."

*

मंगळवारी सगळ्यांनी सुट्टी टाकली. सव्वाबाराची गाडी नव्या इंजिनाने येणार होती. आम्ही ब्रेनरच्या फलाटावर अकरापासून उभे. ऊन स्वच्छ होतं. अजितने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मृणाल हळूच मला म्हणाली, "अगं, गाडी लवकर सुटू नये म्हणून नवस बोलायचा असतो का गं कधी?"

गाडी वेळेवर आली. नवंकोरं इंजिन, चकचकीत. अजितने घड्याळाचं बटण दाबलं.

इंजिन डब्यांना जोडणाऱ्या कपलिंगला कोणी हात लावला नाही. वरच्या तारेतली वीज बदलल्याचा साधा आवाजसुद्धा आम्हाला आला नाही. एक मिनिट. दोन मिनिटं. आता शिट्टी होणार म्हणून केतनने अजितच्या खांद्यावर हात ठेवला.

तेवढ्यात इंजिनाचं दार उघडलं आणि अलीकडचा ड्रायव्हर बॅग घेऊन खाली उतरला. फलाटावर पलीकडचा ड्रायव्हर उभाच होता. दोघांनी हात मिळवले. अलीकडच्याने नव्या इंजिनाकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं. पलीकडच्याने मान हलवून त्याचं उत्तर दिलं. उत्तर लांबलं. चार मिनिटं.

मग नारिंगी जाकीट घातलेला तपासनीस आला आणि गाडीच्या कडेने चालू लागला. शेवटच्या डब्यापर्यंत गेला. तिथून परत आला. नऊ मिनिटं. अजितचा श्वास मला ऐकू येत होता.

तपासनिसाने फॉर्म काढला. छापील, जुनाच. त्यात दोन चौकोन होते: सोडलेल्या इंजिनाचा क्रमांक आणि जोडलेल्या इंजिनाचा क्रमांक. तो थांबला. त्याने इंजिनाकडे पाहिलं, फॉर्मकडे पाहिलं, पुन्हा इंजिनाकडे पाहिलं. शेवटी पुढे जाऊन त्याने क्रमांक वाचला आणि पहिल्या चौकोनात लिहिला. मग पुन्हा पुढे गेला, तोच क्रमांक पुन्हा वाचला आणि दुसऱ्या चौकोनात लिहिला. खाली सही केली. ड्रायव्हरची सही घेतली. फॉर्मची एक प्रत फाडून त्याला दिली.

शिट्टी झाली. गाडी इटलीच्या उताराला लागली.

अजितने बटण दाबलं आणि घड्याळ आमच्यापुढे धरलं. चौदा मिनिटं!

केतनने त्याला उचललंच. मृणाल रडायला लागली आणि ओम "वास इस्ट लोस? वास इस्ट लोस?" असं काय झालं ते विचारत सगळ्यांभोवती फिरू लागला. हा गोंधळ बघून तो तपासनीस धावत आला. इटलीच्या त्या भागात बरेच जण जर्मनच बोलतात, त्यामुळे तो जर्मन उत्तम बोलत होता. त्याला वाटलं, आमची गाडी चुकली.

"माफ करा हं," तो म्हणाला, "आज नवीन इंजिनाचा पहिलाच दिवस होता. उशीर झाला. आमच्या लक्षात आलंय. पुढच्या आठवड्यापासून सगळं झटपट होईल बघा!"

अजितने त्याचे दोन्ही हात धरले.

"नको हो! सप्टेंबरपर्यंत तरी अजिबात घाई करू नका!"