फवाऱ्याची जागा

थळच्या विनेशने बारा वर्षं होड्यांची डिझेल इंजिनं उघडली, मगच मोटारींना हात लावला. वडील अनंता यांची मासेमारीची होडी होती. इंजिन बंद पडलं की घरी बसावं लागायचं, म्हणून पोरगा इंजिनाचं काम शिकला. पुढे त्याने रस्त्याला गॅरेज टाकलं आणि वेगाचं वेड असलेली माणसं लांबून यायला लागली.

उरणचा अल्पेश त्यातलाच. ट्रकांचा धंदा सांभाळून त्याने हौसेने टर्बोची गाडी ठेवली होती. टर्बो हवा दाबून भरतो, त्यात ती तापते. ती थंड व्हावी म्हणून इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपात पाणी आणि मिथेनॉल यांचा बारीक फवारा सोडतात. त्या फवाऱ्याचा पंप अल्पेशने विनेशकडूनच बसवून घेतला. गाडी सुसाट पळायला लागली. पण महिन्याभरात आचके द्यायला लागली. पाइपातल्या हवेचं तापमान आणि दाब मोजणारा सेन्सर गेला होता.

"माल हलका असंल," म्हणून विनेशने नवा बसवला.

तोही गेला, तो वाकण फाट्यावर. अल्पेश आई सोनूबाईला घेऊन पालीच्या गणपतीला निघाला होता. भर उन्हात म्हातारी दोन तास टपरीच्या बाकावर बसून राहिली. गाडी ओढून थळला आणली तेव्हा अल्पेश चिडलाही नाही. एवढंच म्हणाला, "विनेशदादा, आईचं दर्शन राहिलं."

ते विनेशला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी त्याने पाइप सोडवला. सेन्सरच्या टोकावर पांढरट थर चढला होता. फवाऱ्याची तोटी त्याच्या चार बोटं अलीकडे, टर्बोच्या बाजूला होती. तिथे हात सहज पोचतो, म्हणून त्यानेच तिथे भोक पाडलं होतं. त्याने सेन्सरच्या जागी पांढऱ्या कागदाची पट्टी लावली, टाकीत साध्या पाण्यात नीळ कालवली, पाइपाला ब्लोअर जोडला आणि पंप सुरू केला. पट्टी काढली तर निळीभोर, ओलीचिंब.

अनंता बाजूला उभे राहून बघत होते. "ह्यो वारा मोजतो का पानी?" त्यांनी विचारलं.

"वाराच मोजतो, बाबा. मीच त्याच्या तोंडावर पानी मारत होतो."

भिजलेला सेन्सर हवा आहे त्याहून थंड सांगणार, गाडीचा कॉम्प्युटर त्यावर विश्वास ठेवून चुकणार, आणि मिथेनॉल सेन्सर खात राहणार. विनेशने जुनं भोक बुजवलं आणि तोटी सेन्सरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला नेली. पंप थांबल्यावरही थेंब गळत होते, म्हणून पंपाबरोबरच बंद होणारा व्हॉल्व्ह नळीत घातला. पुन्हा पट्टी लावून पाहिली. कोरडी निघाली. मग नवा सेन्सर बसवून त्याने अल्पेशला फोन लावला.

"माल चांगला होता. चूक माझी होती."

अल्पेश म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. गाडी न्यायला येतो." रविवारी तो आईला घेऊन पालीला जाऊन आला.

पण विनेशला चैन पडेना. नागावच्या कुलदीपच्या गाडीत त्याने तोटी तशीच बसवली होती. फोन केला, तर कुलदीप म्हणाला, "माझी गाडी मस्त पळतेय की! घरात पाहुणे भरलेत, आता कुठं आणू?"

"तू नको येऊ. मी येतो."

हत्यारं स्कूटरवर टाकून विनेश नागावला गेला. वाडीत माडाखाली उभ्या गाडीचं बॉनेट उघडून त्याने सेन्सर बाहेर काढला. टोकावर पांढरं धरायला लागलं होतं. त्याने तो कुलदीपच्या हातात दिला.

कुलदीपने अंगठ्याने थर खरवडून पाहिला. "मला तर काहीच कळलं नव्हतं. आणि तू आपणहून आलास?"

"मीच बसवलं होतं ना," विनेश म्हणाला आणि पाना शोधायला लागला.

दुपारपर्यंत काम झालं. कुलदीपच्या बायकोने, रुचिकाने, त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही. मांदेली ताज्या होत्या, आणि विनेशला सपाटून भूक लागली होती.