क्विझमधला अकरावा प्रश्न

मी कॉम्प्युटर शिकवते. कोडमध्ये नाही ते स्क्रीनवर येत नाही, हे मुलांना शंभरदा सांगणारी बाई. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून जाणारी... म्हणून हे लिहितानाही रागच येतोय.

सानगडीपासून थोडी आत आमची शाळा. गावाचं नाव देत नाही. मी तुमसरकडची, तेव्हा इथे येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. शाळेच्या वर्धापनदिनासाठी वेबपेजवर एक क्विझ केली — साधी जावास्क्रिप्ट. चार पर्याय, बरोबर उत्तर हिरवं, शेवटी गुण. शाळेच्या इतिहासावर मोजून दहा प्रश्न, मुख्याध्यापकांनी स्वतः तपासलेले.

भर दुपारी, मंडपात, प्रोजेक्टरवर क्विझ सुरू झाली. पूर्वी शाळेत पाणी भरणाऱ्या भागरताबाईंना मानाने पुढे बसवलं होतं. मी वाचायचे, त्या उत्तर सांगायच्या, मी क्लिक करायचे. दहाही बरोबर. आता गुण यायला हवे होते. आला प्रश्न, आणि ओघात मी तो मोठ्याने वाचूनही टाकला —

"शाळेची विहीर खोदताना दरडीखाली कोण दबलं?"

खाली चार नावं. तिसरं वाचलं तशा भागरताबाई म्हणाल्या, "सोमा. माहा लहाना भाऊ होता. पोरी, तुले कोनं सांगतलं?"

मी क्लिक केलं. हिरवं झालं. खाली आलं — १० पैकी ११.

संस्थेचे अध्यक्ष उठले. ती विहीर त्यांच्या वडिलांनी खोदवलेली.

"मॅडम, जुनं कायले उकरून राहिल्या?"

"सर, हा प्रश्न मी लिहिलेला नाही."

"मंग कोनं लिवला?"

ऑफिसात मुख्याध्यापकांसमोर फाइल उघडली. दहाच प्रश्न. वेबसाइटवरच्या फाइलमध्येही दहाच. तीनदा क्विझ चालवली, तिन्ही वेळा दहावर संपली. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, आणि तरी कागद पुढे सरकवला. "माफी लिहून द्या मॅडम, विषय संपवा." नोकरी कंत्राटी... लिहून दिली. न केलेल्या चुकीची.

भागरताबाई फाटकाशी थांबल्या होत्या. म्हणाल्या, "त्याचं नाव कोठंच लिवलं नाई वो कोनं. पाय घसरून पडला म्हनून सांगतलं सगळ्याइले."

एक इंजिनिअर मित्र म्हणाला, कॅश मेमरीत जुनं काही राहिलं असेल. जे नाव मी जन्मात टाइप केलं नाही, ते कुठून राहील?

पण चीड वेगळीच आहे. प्रश्न कोणी टाकला, हे मला गाव अजून विचारतं. सोमा कसा दबला, हे त्या भरल्या मंडपात एकानेही विचारलं नाही.