सातव्या उन्हाळ्याची फायनल

कंधारात लाईट गेली की लोक आधी ऑफिसला फोन लावत नसत, रविकांत सोनकांबळेला लावायचे. तो लाइनमन आहे. वय छत्तीस, अंगानं काटक, बोलायला कमी. माझं झेरॉक्सचं दुकान बसस्टँडसमोर आहे आणि सात वर्षं दर मार्चअखेर तो माझ्याकडं एकच कागद घेऊन यायचा. त्यावर फुटबॉलच्या लीगचं वेळापत्रक असायचं. मी त्याच्या वीस प्रती काढायचो आणि दरवर्षी मनात म्हणायचो, कागद वाया चालला.

लीग म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हे. आम्ही मित्र आणि मित्रांचे भाऊ मिळून वीस-बावीस जण. किल्ला, स्टँड, तळं आणि बाजार अशा चार टीम, एकेका टीमला पाच माणसं. मैदान शाळेचं. उन्हाळ्यात आमच्याकडं साडेआठनंतर उघड्यावर उभं राहवत नाही, म्हणून मॅच पहाटे पावणेसहाला. रविकांत नांदेडला आयटीआयला असताना फुटबॉल शिकला आणि आल्यावर आम्हाला त्याची खोड लावली. तो स्वतः स्टँड टीमचा गोलकीपर. मी किल्ल्याकडून पुढं खेळतो, म्हणजे चेंडू आला तर मारतो.

पण ही लीग कधी पुरी झाली नाही. करोनाचं एक वर्ष सोडून द्या, तो दोष कुणाचा नव्हता. बाकी वर्षी कधी निम्मे खेळाडू पुण्याला कामाला गेले, कधी चेंडूत बाभळीचा काटा घुसला आणि दुसरा चेंडू येईपर्यंत उत्साह गेला. एका वर्षी तर बाजार आणि तळं यांच्यात एका गोलवरून भांडण झालं ते दिवाळीपर्यंत चाललं. पहिल्या वर्षी रविकांतनं हौसेनं पितळी कप आणला होता. तो त्याच्या घरी फळीवर होता आणि त्याची आई धोंडाबाई त्यात बटणं, सुया आणि चष्म्याचं घर ठेवायची. आम्ही त्यावरून त्याची फार थट्टा केली. तो हसायचा नाही. कप खाली पाडू नका, एवढंच म्हणायचा.

सातव्या वर्षी त्याची माहूरला बदली झाली. एक जूनला हजर व्हायचं होतं. कागद माझ्या हातात देताना तो म्हणाला, "हरिओम, यंदा पुरी व्हायला पायजे. पुढच्या वर्षी मी न्हाई, अन् मी न्हाई तर कोण करतंय?"

मला राग आला, कारण ते खरं होतं. आमच्यातला एकही जण पहाटे पाचला बाविसांना फोन करून उठवणाऱ्यातला नव्हता. मीही नव्हतो.

त्या वर्षी त्यानं वेळापत्रक फार विचार करून केलं होतं. एकाही रविवारी मॅच ठेवली नव्हती. "रविवार लग्नाला सोडलेत," म्हणाला. त्याच्या घरी लग्नं रविवारी नाहीतर सुट्टीच्या दिवशी लागतात, पाहुण्यांना सोयीचं पडतं म्हणून. तिथं पंचांग कुणी उघडत नाही. आमच्याकडं मात्र लग्नाची तीथ निघाली की मग सोमवार असो की बुधवार. फायनल त्यानं मेअखेरच्या बुधवारी टाकली आणि त्या दिवशी सगळ्या उन्हाळ्यातली सगळ्यात दाट तीथ होती. त्याला ते माहीत असायचं कारण नव्हतं. मला होतं. कॅलेंडर माझ्या डोक्यामागंच टांगलेलं, त्यावर तारीख लाल शाईनं गोल केलेली, आणि मी वीस प्रती काढून दिल्या. शहाण्या माणसाची अक्कल अशी गहाण पडते.

बारा मॅच सुरळीत झाल्या. स्टँड आणि किल्ला, म्हणजे तो आणि मी, फायनलला आलो. आदल्या आठवड्यात कळलं की त्या दिवशी मैदानावर रामलिंगअप्पांच्या मुलीचं लग्न आहे. अप्पा बियाण्याचे व्यापारी. दोन हजार पान जेवायचं होतं. बावीसपैकी बारा जणांना कुठलं ना कुठलं लग्न होतं. मी म्हणालो, "पुढं ढकल."

"पुढं कुठं ढकलू? मी सामान बांधून राहिलो," तो म्हणाला आणि सरळ अप्पांकडं गेला. अप्पांनी ऐकून घेतलं. "मंडप अर्ध्यातच हाय. राहिलेल्या अर्ध्यात खेळा. पर सातला आचारी येतेत. सातच्या ठोक्याला मैदान खाली पायजे."

म्हणून मैदान आडवं केलं आणि चपलांचे गोल मांडले. दोन्हीकडं बरोबर पाच-पाच जण होते, बदली कुणीच नाही. पंचवीस-पंचवीस मिनिटांचे दोन डाव ठरले. मंडपवाले कनाती बांधता बांधता बघत होते. पहिल्या डावात स्टँडनं एक गोल केला आणि रविकांतनं माझे तीन अडवले. तिसरा तर त्यानं छातीवर घेतला. मला वाटलं, कप काही त्या फळीवरून हलत नाही.

दुसरा डाव सुरू होऊन पाच मिनिटं झाली आणि लाईट गेली. पहाटेच्या उजेडात ते आम्हाला कळलंही नसतं, पण बोअरची मोटार बंद पडली आणि अप्पा स्वतः धावत आले. "रविकांत, तेवढं बघ. पाण्याशिवाय आचारी काय करतेत?"

त्या भागाची ड्यूटी दुसऱ्या लाइनमनची, श्रीशैलची होती. श्रीशैल उदगीरला मावसभावाच्या लग्नाला गेलेला, तीथच ती. रविकांत एक क्षण गोलमध्ये उभा राहिला. मग हातमोजे काढून नरसिंगकडं दिले. नरसिंगचं चहाचं हॉटेल आहे, त्यानं जन्मात कधी गोल राखला नव्हता. रविकांतनं फोनवर लाईन बंद करून घेतली आणि मैदानाच्या कोपऱ्यातल्या खांबावर चढला. वरची एक तार जोडाजवळ जळाली होती. अर्ध्या तासाचं काम.

आम्ही चेंडू थांबवला. तो येईपर्यंत बसू, असं सगळ्यांचंच मत झालं. वरून आवाज आला, "काय करायलाव? खेळा की."

"तू ये, मग खेळू," मी म्हणालो.

"मी येईस्तोवर सात वाजतेत. मग ही बी राहिली. खेळा."

"तुमचे चारच हायेत!"

"मग तू बी एक काढ."

आम्ही एक काढला. चार विरुद्ध चार. पट्ट्यानं खांबाला बांधलेला तो वरून सगळं बघत होता, मधूनच पक्कड फिरवत होता. आमच्या एकानं बरोबरी केली. शेवटच्या मिनिटाला चेंडू माझ्या पायाशी आला. समोर नरसिंग दोन्ही हात पसरून उभा होता, भीतीनं डोळे बारीक करून. मुद्दाम बाहेर मारावा, असं एकदा मनात आलं. पण वर बघितलं तर रविकांतची पक्कड थांबलेली होती. मी मारला. गोल झाला. आनंद झाला आणि लाजही वाटली, दोन्ही एकदमच.

मोटार सुरू झाली आणि तो खाली उतरला. पहिला प्रश्न, "टाइम पुरा झाला ना?"

"झाला."

"पूर्ण पन्नास?"

"पन्नास."

"बरं झालं," म्हणाला आणि कनातीला टेकून खाली बसला. त्याचे डोळे भरले होते.

कप कुणी आणलाच नव्हता. इतक्या वर्षांत तो लागला कुठं होता? मी मोटारसायकलवर त्याच्या घरी गेलो. धोंडाबाईंनी विचारलं, "खरंच पुरी झाली का रे?" हो म्हटल्यावर त्यांनी बटणं पदरात ओतली, कप धुतला आणि पुसून माझ्याकडं दिला. कोण जिंकलं हे त्यांनी विचारलंच नाही.

मैदानावर रविकांतनंच तो माझ्या हातात दिला. त्याचे हात जळक्या तारेनं काळे झाले होते. धुतलेल्या पितळेवर चार बोटांचे ठसे उठले. आचारी चुली मांडत होते, आम्हाला उठायला सांगत होते.

तो आता माहूरला आहे. कप माझ्या दुकानात मशीनवर ठेवलाय. गिऱ्हाइकं म्हणतात, अहो, जरा पुसत जा. मी मशीन पुसतो, काच पुसतो. कप पुसत नाही. यंदाच्या मार्चमध्ये कागद मीच केला. आधी कॅलेंडर बघितलं.