सोमवार सोडून एक दिवस

कंपनीच्या गेस्ट हाउससमोरच्या हिरवळीवर कुणाच्या बुटाच्या टाचेनं गवताचा तुकडा उखडला, की भिकूनाना हातातलं काम टाकून तिथं जात. उकिडवे बसत, तो तुकडा शोधून होता तिथं ठेवत आणि अनवाणी पायानं दाबत. मग दोन पावलं मागं सरून बघत. मनासारखं बसलं नसेल तर पुन्हा. हे सगळं ते ज्यानं गवत उखडलं त्याच्या देखत करत, पण त्याच्याकडे बघत मात्र नसत. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं, असं समोरच्याला वाटे.

मलाही तसंच वाटलं होतं. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या रसायनांच्या कारखान्यात मी तेव्हा उत्पादन बघत होतो. नवे बूट घालून, फोनवर कुणाला तरी झापत हिरवळ तुडवत चाललो होतो. मागं वळलो तर एक सडसडीत म्हातारा माझ्या पावलापावलाशी बसत येत होता. मी विचारलं, "काय शोधताय?"

"काय नाय सायेब. तुमी चाला. मी मागनं येतो."

मी फोन बंद केला आणि कडेच्या फरशीवरून गेलो.

नाना पोलादपूर तालुक्यातले, कापडे गावाच्याही वर डोंगरात असलेल्या एका वाडीतले. तरुणपणी मुंबईला गेले. गावातले बाकीचे गिरणीत नाही तर गोदीत लागले. हे एका गोल्फ क्लबात कॅडी झाले. साहेबाची बॅग खांद्याला लावून मैलोगणती चालायचं, चेंडू कुठं पडला ते बघून ठेवायचं, कुठली स्टिक घ्यायची ते सांगायचं आणि फटका चुकला की चूक आपली म्हणायची. तीसेक वर्षं हे केलं. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा गावी येऊन भाताची खाचरं धरली, आणि तेवढ्यावर भागेना म्हणून ठेकेदारामार्फत आमच्याकडे माळी म्हणून आले. आठवडाभर बिरवाडीत खोलीवर राहत आणि रविवारी वाडीवर जात.

"खेळाय मिळायचं का कधी?" मी एकदा विचारलं.

"मिळायचं ना. सोमवारी. सोमवारी क्लब बंद. मेंबर नाय, वेटर नाय, कोन नाय. आमी आन् कावळे." आणि मग, हिरवळीकडे बघत, "सोमवार सोडून एक दिवस खेळायचा होता. पुढच्या दारानं आत जाऊन. ऱ्हायला."

एका मेंबरनं जाताना दिलेली जुनी स्टिक त्यांच्याकडे होती. मुठीचं रबर झिजलं होतं म्हणून त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळलेली. पाळी सुटल्यावर गेस्ट हाउसमागच्या मोकळ्या जागेत ते मला शिकवू लागले. मी जोर लावून मारायचो आणि चेंडू जागचा हलायचा नाही. "दातओठ खाऊन मारू नका. बॉलनं तुमचं काय घोडं मारलंय?" जमीन वाचायची त्यांची रीत शेतकऱ्याची होती. चेंडूपाशी बसायचे, डोळा बारीक करायचे आणि विचारायचे, "हितं पाणी सोडलं तर कुठनं वाहील? बॉल तिकडंच जायचा. बॉलाला काय वेगळी अक्कल नसते." तळीये गावावर दरड कोसळल्यापासून ते वाडीवरच्या डोंगराकडेही याच नजरेनं बघत. पावसाळ्यात सुनेला आणि नातवंडांना खालच्या शाळेत झोपायला पाठवत आणि स्वतः घरातच राहत.

कंपनीत ते मला साहेब म्हणत आणि फाटकाबाहेर विलासभाऊ. हा नियम त्यांनीच घातलेला होता.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. मी महाडच्या बौद्धवाडीतला. वडील सरकारी कचेरीत शिपाई. साहेबांच्या बंगल्यावर फायली पोचवताना ते पायरीखाली उभे राहत, आणि लहानपणी त्यांच्यासोबत गेलो की मीही. वर व्हरांड्यात वेताच्या खुर्च्यांवर बसून लोक चहा घेत असत. मी शिकलो, नोकरीत चढत गेलो, तरी तो व्हरांडा डोक्यातून गेला नाही. कारखान्याचा प्रमुख झालो तेव्हा कंपनीनं कळवलं, की तुमच्या पसंतीच्या एका गोल्फ क्लबाचं सदस्यत्व आम्ही देऊ. लोक हसतील, पण त्या रात्री मी बायकोला ते पत्र दोनदा वाचून दाखवलं.

पसंतीला तीन क्लब होते. मी तिन्हींची रंगीत माहितीपत्रकं नानांपुढं ठेवली. त्यांनी ती चाळलीसुद्धा नाहीत. म्हणाले, "फोटूत काय दिसतंय? जाऊन बघू."

तीन रविवार आम्ही हिंडलो. मी पुढून आत जायचो. गालिचे, जेवणघर, भिंतीवरच्या विजेत्यांच्या पाट्या बघायचो. नाना वळसा घालून मागं जायचे. परत आल्यावर त्यांचा अहवाल तयार असायचा. एका क्लबाबद्दल म्हणाले, "भोकापाशी ग्रीनवर बॉल पडून खड्डे झालेत, ते मेंबर लोक बुजवत नायत. असल्या मानसांत कशाला जाता?" दुसरा मुंबईच्या बाजूचा, तिघांत सर्वांत देखणा. पांढरा व्हरांडा, समोर तळं. आमच्या कंपनीचे संचालक, ज्यांना आम्ही मोठे साहेब म्हणत असू, तिथलेच मेंबर. नाना मागून आले आणि म्हणाले, "कॅडीचं पाणी ग्यारेजच्या मागं हाय. नळाला. तितंच गाड्या धुतात."

तिसरा पुण्याच्या बाजूला, साधा. बैठी इमारत, पत्र्याची शेड. तिथं मेंबर आणि कॅडी एकाच माठातलं पाणी पीत होते. "हा घ्या," नाना म्हणाले.

महाडच्या माणसाला पाण्याची गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. मला नाना काय म्हणत होते ते पुरतं कळलं होतं. तरी मी तो पांढरा व्हरांडावाला क्लब निवडला. मोठे साहेब तिथं असतात, ओळखी होतील, पुढं मुलांच्या कामाला येईल, अशी कारणं मी त्यांना सांगितली. नाना एवढंच म्हणाले, "तुमचा क्लब, विलासभाऊ. तुमी बसनार." मला ओशाळल्यासारखं झालं, आणि ते झाकायला मी म्हणालो, "नाना, माझा पहिला पाहुणा तुम्हीच. रविवारी, पुढच्या दारानं. शब्द देतो."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी शनिवारची रजा मागितली आणि महाडच्या बाजारात जाऊन पांढरे कॅनव्हासचे बूट आणले. क्लबात कॉलर असलेला शर्ट लागतो हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं. मुलानं मुंबईहून पाठवलेला एक निळा शर्ट होता, तो सुनेनं इस्त्री करून दिला. सराव तर रोज चालला होता. गुडघ्याला तेल लावून म्हातारा संध्याकाळभर चेंडू मारायचा, आणि मी बघत उभा राहायचो.

भातकापणी उरकल्यावरचा एक रविवार ठरला. उजाडता निघालो. गाडीत नाना पुढं माझ्या शेजारी बसले होते. पहिल्या होलला कुठली स्टिक घ्यायची, दुसऱ्याला वारा कुठून येतो, हे सगळं त्यांनी एका फेरीत बघून ठेवलं होतं आणि तेच बोलत होते. मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

क्लबात पोचलो. पाहुण्यांच्या वहीत नाव लिहायला मी आत गेलो. आणि नानांनी तीस वर्षांच्या सवयीनं डिकी उघडून माझी बॅग काढली, खांद्याला लावली आणि पायऱ्यांच्या बाजूला जाऊन उभे राहिले. पायरीवर नाही. कॅडी जिथं उभे राहतात तिथं. यात त्यांचं काही चुकलं असेल तर एवढंच.

मी वहीत "भिकाजी" एवढं लिहिलं होतं, तेवढ्यात मोठे साहेब आले. दारातून त्यांनी नानांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अरे वा, कॅडी घेऊनच आलास? झकास. माझा आज आलेलाच नाही. याला देतोस का मला?"

मी खूप वेळा हिशेब केला आहे, की तेव्हा माझ्यापाशी किती वेळ होता. भरपूर होता. "सर, हे माझे पाहुणे आहेत," या पाच शब्दांना लागतो त्याहून खूपच जास्त. नाना माझ्याकडे बघत होते. निळ्या शर्टाची कॉलर त्यांनी वरच्या बटणापर्यंत लावली होती.

मी म्हणालो, "घ्या ना सर. फार अनुभवी आहे."

'आहेत'सुद्धा म्हणालो नाही. पेन खाली ठेवलं.

नानांनी माझी बॅग अलगद भिंतीला टेकवली आणि मोठ्या साहेबांची उचलली. अठरा होल ते चालले. कुठं उतार आहे, कुठं गवत दाट आहे, साहेबांना सगळं सांगत होते, आणि साहेब खूश होते. "कुठून मिळवलास हा माणूस?" त्यांनी मला दोनदा विचारलं. माझी बॅग मी स्वतः वाहिली आणि त्यानंच मनाची समजूत घातली. मधल्या सुट्टीत व्हरांड्यावर लिंबू सरबत आलं. वेताच्या खुर्चीत बसून मी ते प्यालो. नाना गॅरेजच्या मागं गेले. ग्लास हातात धरून मी त्यांच्या पाठीकडे बघत होतो, आणि मला माझ्या बापाची पाठ दिसत होती. तरी उठलो नाही.

परतताना त्यांनी गाडीचं मागचं दार उघडलं आणि मागं बसले. पेण गेलं, माणगाव गेलं. शेवटी तेच म्हणाले, "मोठ्या सायबांचा खांदा लवकर फिरतो. म्हनून बॉल उजवीकडं जातो. सांगा त्यांना." 

"नाना, पुढच्या रविवारी आपण दोघंच..."

"बघू सायेब. जमल तसं."

कारखान्याचं फाटक तेव्हा दूर होतं. तरी ते साहेब म्हणाले, आणि त्यानंतर कायम साहेबच म्हणत राहिले. बाकी वागण्यात तसूभर फरक नाही. मीच संध्याकाळी गेस्ट हाउसच्या मागं जायचं सोडलं. माफी मागायचं रोज ठरवायचो आणि रोज एखादी मीटिंग निमित्ताला पुरायची.

पुढच्या पावसाळ्यात त्यांना दम लागायला लागला. काम सोडून ते वाडीवर गेले. अंथरूण धरल्याचं कळलं तेव्हा मी गेलो. काय बोलायचं ते पोलादपूरपासून पाठ करत होतो. घरात शिरलो तर सुनेनं आधी अंगणात हाक घातली, "आवो, ते क्लबवाले सायेब आले!" आणि चारपाच माणसं पटकन जमली. शेजारचे एक आजोबा माझ्यापुढं येऊन बसले.

"सायेब, खरं सांगा हां. तुमच्या मोठ्या सायबाला नानानं चार होलनं हरवलान बोलतात. आमाला तर पटत नाय."

मला क्षणभर काही कळेना. मग कळलं. नानांनी वाडीवर येऊन सांगितलं होतं, की विलाससाहेबांनी मला क्लबात नेलं, पुढच्या दारानं नेलं, आणि मी खेळलो. ते गोधडीकडे बघत पडून होते. बोटांनी तिची कड चाचपत होते.

"चार..." मी अडखळलो.

"चार कवा बोललो मी?" नाना दम खात म्हणाले. "दोन. दोन होलनं."

"दोन," मी म्हणालो. "मी होतो ना तिथं."

सगळे हसले. सून पदरानं डोळे पुसत चहा टाकायला गेली. माणसं पांगल्यावर मी त्यांचा हात धरला आणि म्हणालो, "नाना, माझं फार चुकलं."

"चुकलं तर," ते म्हणाले. मग दारात कुणी नाही ना, ते त्यांनी बघून घेतलं. "पन हितं कुनाला बोलू नका. पोरगं मुंबैत सगळ्यांना सांगतं."

आठवड्याभरात ते गेले.

इथं मी त्यांचं नाव बदललं आहे आणि वाडीचं सांगितलेलं नाही. क्लबाचं सदस्यत्व मी सोडलं नाही. सोडलं असतं तर सांगायला बरं दिसलं असतं. अजून जातो. व्हरांड्यावर बसत नाही, यात काही मोठेपणा नाही, बसवत नाही इतकंच.

वर्षातून दोनतीनदा त्यांच्या वाडीवर जातो. गेलो की तो खेळ सांगावा लागतो. लहानमोठी सगळी जमतात, आणि जो खेळ झालाच नाही तो मी पहिल्या होलपासून सांगतो. वारा कुठून होता, तळ्यावरून चेंडू कसा गेला, शेवटी मोठ्या साहेबांनी टोपी काढून नानांचा हात कसा हातात घेतला. सून दारात उभी राहून ऐकते. गेल्या खेपेला त्या आजोबांनी विचारलं, "आन् सायेब, तवा तुमी काय करत होता?"

मी म्हणालो, "मी नानांची बॅग धरली होती."