चोपदारांची हरकत

टोपी बाजारामागे राहणाऱ्या गोविंदराव चोपदारांच्या पणजोबांनी उत्तरेतल्या मराठी दरबारात चांदीची काठी धरून सरदारांच्या नावांची ललकारी दिली. गोविंदरावांनी बँकेत जन्मभर टोकन नंबर पुकारले. आवाज मात्र तोच, खानदानी. सतरा नंबरवाला उठायचा तो जहागीर मिळाल्यासारखा.

यंदा वॉर्डांच्या हद्दी बदलल्या आणि त्यांची गल्ली नाल्यापलीकडच्या वॉर्डात गेली. सून यशश्री निवडणुकीला उभी राहणार, आणि गल्लीतली तिची हक्काची दोनशे मतं पलीकडे! सासरे-सून हरकतीचा अर्ज घेऊन सिटी सेंटरच्या कचेरीत सुनावणीला गेले.

तिथं जुन्या सरदारांचे सहा वंशज आधीच जुंपलेले. हरकत ज्याची त्याची वेगळी, भांडण एकच : आधी बोलायचं कोणी?

"आमची बैठक गादीपासून तिसरी," संभाजीराव म्हणाले.

"ती उजवीकडची. डावीकडं आम्ही दुसरे," विश्वासराव म्हणाले. "आम्हाला शिकवू नका."

सुनावणी घेणाऱ्या हिंदीभाषक साहेबांनी कपाळ धरलं. "अरे भाई, इनका क्रम किसी को पता है?"

गोविंदरावांना तो आजोबांकडून पाठ होता. यशश्रीनं कोपर मारलं. "बाबा, नका ना. अपना नंबर आएगा, तब बोलना."

पण बाबा उठलेच. छत्री काठीसारखी धरली आणि एकेकाला किताब, पराक्रम, पाच पिढ्यांसकट पुकारलं. शिपाईसुद्धा ताठ उभा राहिला.

संभाजीराव छाती फुगवून टेबलाशी गेले.

"आपकी आपत्ति?" साहेबांनी हरकत विचारली.

"कुछ नहीं जी. सब बढ़िया है."

बाकी पाचांचंही तेच. एवढ्या थाटात बोलावल्यावर नाल्याची तक्रार काय करायची?

उरला एकच अर्ज. गोविंदरावांनी तोंड उघडलं, तर घशातून नुसती हवा. मग यशश्रीच बोलली. नकाशावर बोट ठेवून, घरं मोजून दाखवत, चांगली दहा मिनिटं.

पंधरा दिवसांनी नवा नकाशा लागला. चोपदारांची गल्ली परत आली. लोकसंख्या जुळवायला तिच्या बदल्यात संभाजीरावांची गेली. ते तणतणत दारात आले.

"चोपदार, तुमच्यापायी आम्ही नाल्यापलीकडे गेलो."

"हरकत घ्यायची होती की, सरकार."

"घेणारच होतो. पण तुम्ही पाचव्या पिढीवर आलात आणि..." संभाजीराव थांबले. जरा विचार करून त्यांनी हळूच विचारलं, "पलीकडच्या वॉर्डात आमच्या वरच्या मानाचं कोणी आहे?"

"छे. तिकडं सरदार तुम्ही एकटेच."

संभाजीराव चपला काढून आत आले आणि यशश्रीला म्हणाले, "सूनबाई, चहा टाका. साखर जरा जास्त."