काळ्या शिळेतली पांढरी पाती

वार्ता घेऊन आला तो दगडू. सुरतेतल्या आमच्या नवागामच्या वस्तीतला, शहराबाहेरच्या खाणीत सुरुंगांसाठी छिद्रे पाडणारा. उंबऱ्याबाहेरच उभा राहून म्हणाला, "बुवा, मास्तर ग्यात... दगडनी मारं." माझे धुळ्यापासूनचे स्नेही, भूशास्त्राचे अध्यापक मधुकरराव, सुरुंग उडताच नव्याने उघड्या पडलेल्या कड्याकडे धावले होते. एक सुरुंग उडायचा राहिला होता. माणसे ओरडत राहिली, आणि तो उडाला... चितेवर आम्ही जे ठेवले, ते एका पंच्यात मावले होते.

या खाणीशी त्यांचे नाते रक्तानेच जुळले होते. ब्याण्णवच्या आसपास तेथे स्फोटातून एक शिळा निघाली. कोळशासारखा काळा पाषाण आणि त्यात बोटाएवढी लांब पांढरी पाती, कुठे चांदणीसारखी एकमेकांत घुसलेली. खानदेशी कामगारांनी तिला शेंदूर फासला, आणि पूजेसाठी मला बोलावणे आले. मधुकरराव हट्टाने बरोबर आले. मी पाय धूत होतो, तोवर ह्या गृहस्थाने शिळेच्या पाठीवर हातोडा घातला! शिळा दुभंगली.

"देवले हातोडा मारस? मास्तर व्हशी तुन्हा घरना!" दगडूच्या हातातली पहार मधुकररावांच्या खांद्यावर बसली. मग लाथा, मग दगड. मी मध्ये पडेपर्यंत त्यांचे कपाळ फुटले होते, ओठ फाटला होता. तरीही अर्धी शिळा छातीशी कवटाळून ते बसून होते. खंडित देव पुजायचा नसतो, म्हणून दोन्ही तुकडे तापीत सोडायचे, असे ठरू लागले.

"शास्त्रीबुवा, बोला काहीतरी," ते रक्त थुंकून म्हणाले, "नाहीतर देवाबरोबर माझेही विसर्जन होते आहे."

मी शास्त्रवचन सांगितले: घडवलेली मूर्ती भंगली तर त्याज्य, परंतु जी शिळा स्वयंभू, तिला भंगाचा दोष नाही. माणसे थबकली. पुढचा भाग कामगारांनी ठेवावा, पाठीचा मास्तरांनी न्यावा, असा निवाडा झाला.

तेव्हा त्याच फाटक्या ओठांनी त्यांनी शिळेची जन्मकथा सांगितली. भूगर्भात खोलवर, वितळलेल्या खडकाच्या कुंडात ही पाती युगेच्या युगे सावकाश वाढली. मग धरणी फाटली. त्या रसाने त्यांना उपटले, मोडले, एकमेकांवर आपटीत वर फेकले. बाहेर येताच रस थिजला, आणि पाती पडली तशीच राहिली. एका अंगाची पाती एकाच दिशेने लोळलेली होती, पुरात आडव्या झालेल्या बोरूसारखी.

दगडूने पहार खाली टेकवली. "म्हंजे देवबी मार खाइसनच वर उना!"

मधुकरराव खदखदून हसले, आणि ओठ पुन्हा फाटला.

तो रस ज्या भेगेतून उसळला, ती भेग शोधण्याचा त्यांना ध्यास लागला. दर रविवारी ते खाणीत जात. दगडू त्यांना चहा पाजी आणि दर स्फोटानंतर बजावी, "आम्ही हाक देवूत, मंगच या." त्या दिवशी धूर विरताना कड्यात एक उभी काळी रेघ दिसली, असे दगडू सांगतो. ती भेगच होती की काय, कोण जाणे... त्यांनी हाकेची वाट पाहिली नाही.

तेराव्याला दगडू त्यांच्या घरी गोणपाट घेऊन आला. खाणीतला तुकडा कामगारांनी आधीच तापीत सोडला होता. "बुवा, यानी माणूस खादं. आते हाऊबी नदीले देऊत." मी काही बोलण्याआधी मधुकररावांच्या पत्नी सुधावहिनी त्यांच्या अभ्यासाच्या खोलीत गेल्या आणि टेबलावरच्या शिळेवर त्यांनी दोन्ही हात ठेवले.

"खाणीने जे नेले ते दोन हातांत धरण्याजोगेही परत आले नाही," त्या म्हणाल्या. "हा तरी राहू दे, दादा."

शिळेचे बूड ओबडधोबड, ती टेबलावर डुगडुगत होती. दगडूने गोणपाटाची चौघडी केली, शिळा उचलली आणि घडी तिच्याखाली सारली. "हालाले नको," एवढेच म्हणाला.

ती अजून तेथेच आहे. शेंदूर नाही, फूल नाही. मी गेलो की त्या पात्यांवरून बोट फिरवतो. कडा अद्याप धारदार आहेत.