मोठ्या आईचं शिंग

भूत, आत्मा वगैरे मी मानत नाही, हे आधीच सांगते. यवतमाळच्या एका लॅबमध्ये रोज लोकांचं रक्त काढते. रिपोर्टात आलं ते खरं, बाकी सगळ्या गप्पा! तरीही मागच्या उन्हाळ्यातलं हे लिहितेय…

घाटंजीला माझी मोठी आई – म्हणजे वडिलांची वहिनी – तुंबडी लावायची. गाईचं पोकळ शिंग दुखऱ्या जागेवर ठेवायचं, टोकाच्या भोकातून तोंडानं हवा ओढायची आणि भोक मेणानं बंद करायचं. मग शिंग कातडीला घट्ट धरतं. पूर्वी वस्तऱ्यानं बारीक चिरे मारून रक्तही काढायची. तिचा एक नियम होता. तीनदा लावूनही शिंग सुटलं, तर "हे दुखनं माह्यं नाही, दवाखान्यात जा" म्हणून माणसाला उठवायचीच.

ती जाऊन वर्ष झालं होतं. त्या दुपारी मी घाटंजीला गेले होते, तर मोठे बाबा – मोठ्या आईचे यजमान – म्हणाले, "पोरी, पाठ लय धरून राह्यली. तिचं शिंग लावून दे."

"दवाखान्यात जाऊ ना."

"गॅस हाये थो! डॉक्टर कायले पायजे?"

हट्टी माणूस. म्हटलं, कोरडंच लावू. आधी माझ्या हातावर लावून पाहिलं – असं धरलं की काढताना फट्‌ आवाज आला, लाल वर्तुळ उमटलं. त्यांच्या पाठीवरून मात्र पडलं. पुन्हा पडलं. तिसऱ्यांदाही.

मोठ्या बाबांचा चेहराच उतरला. "रागावली काय थे माह्यावर?" मग स्वतःच चपला शोधू लागले. "चाल. तिचा नियम हाये."

हार्ट अटॅक होता. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. मी दवाखान्याच्या बाकावर बसून ढसाढसा रडले.

घरी येऊन शिंग धुवायला घेतलं, तर पाणी बाजूनं गळायला लागलं. काठापासून टोकापर्यंत जुनी चीर, तिच्यात वर्षभराची धूळ बसलेली. हुश्श… म्हणून धरलं नाही तर! आणि तेवढ्यात माझ्या हातावरचं वर्तुळ दिसलं. मग मला कसं धरलं? त्यानंतर कितीदा ओढून पाहिलं, कुठेच धरत नाही.

मोठे बाबा घरी आल्यावर त्यांना हे सगळं सांगितलं. ते गोळी हातात धरून बसले होते. "जित्ती होती तवा तिचं एक नाही आयकलं मी," एवढंच म्हणाले. मग पाणी मागून गोळी घेतली. तेव्हापासून एकही चुकवलेली नाही.

मला अजून उत्तर सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल तर जरूर कळवा… मोठ्या बाबांना मात्र सांगू नका.